माया ठेवून बेतलेला कुर्ता : कपड्यांचा छोटा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

शिंप्याकडे ब्लाऊज टाकताना आई हमखास एक वाक्य बोलायची, "मास्तर, माया ठेवा हं." माया म्हणजे शिवणीच्या आत दडवलेली कापडाची जादा पट्टी. दोन-चार वर्षांनी अंग भरलं की तोच ब्लाऊज त्याच मास्तरांकडे जायचा. शिवण उसवली जायची, ती पट्टी बाहेर यायची आणि ब्लाऊज आणखी चार वर्षं चालायचा. त्या पट्टीला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गेली बारा वर्षं मी सुती कपडे शिवून विकते. काम छोटं आहे, सहा मशिनं. या धंद्यात नव्याने उतरू पाहणारी मुलं-मुली भेटायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सेंद्रिय कापूस कुठे मिळेल?" प्रश्न चांगला आहे, त्याकडे येऊच. पण मी त्यांना आधी विचारते, "तुमच्या कुर्त्याला माया किती?" कपडा किती वर्षं अंगावर राहणार हे बेतायच्या टेबलावर ठरतं. कपाशीच्या शेतापासून रंगाच्या हौदापर्यंत जे काही खर्ची पडलं, त्याचं चीज व्हायचं तर त्या वर्षांतूनच होतं. ब्रिटनमधल्या 'रॅप' या संस्थेने २०१२ मध्ये मांडलेला हिशेब असा की कपड्याचं वापरातलं आयुष्य नऊ महिन्यांनी वाढलं तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. कापूस तोच, गिरणी तीच, फक्त वापर वाढलेला.

आधी एकच कपडा आणि एक वही

सुरुवातीला दहा प्रकार करू नका. एक कपडा निवडा. इथे मी साधा सुती कुर्ता धरते, कारण त्याची वाट मला माहीत आहे. एक जाड वही घ्या आणि प्रत्येक लॉटचं एक पान करा. ताग्याचा तुकडा पानावर टाचा. कापड कुणाकडून, कोणत्या तारखेला आणि कोणत्या बिलावर आलं, कुठे रंगवलं, कुणी कापलं, कुणी शिवलं, किती नग झाले, किती चिंधी निघाली, हे सगळं त्या पानावर उतरवा. पुढे 'आमचा कपडा असा आहे' असं जे काही म्हणाल, त्याचा पुरावा ही वहीच असणार आहे. मी पहिली तीन वर्षं वही ठेवली नाही. त्या काळातल्या कपड्यांबद्दल आज कुणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, याचं वाईट वाटतं.

एक हिशेब पहिल्याच पानावर लिहून ठेवा. ४४ इंच पन्ह्याचं, १२० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचं) अडीच मीटर कापड भरतं साधारण ३३५ ग्रॅम. विणताना आणि सूत काढताना होणारी घट धरली तर त्यासाठी सुमारे ४०० ग्रॅम रुई लागते. शेतातून आलेल्या १०० किलो कापसातून जिनिंगनंतर, म्हणजे सरकी वेगळी केल्यावर, साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकीची बहुतांश सरकी. म्हणजे एका कुर्त्यामागे जवळपास सव्वा किलो कापूस कुणीतरी बोंडाबोंडातून वेचलेला असतो. हा आकडा डोळ्यांसमोर राहिला की कातर जपून चालते.

बेत

मराठीत 'बेत' म्हणजे योजना आणि 'बेतणं' म्हणजे मापाने कापड कापणं. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे पैसे कमी लागतात आणि परिणाम सगळ्यात लांब जातो.

मायेचा हिशेब सुतात करू. आठ सूत म्हणजे एक इंच. तयार कपड्यांच्या कारखान्यात बाजूच्या शिवणीला साधारण तीन सूत ठेवून बाकी कापून टाकतात. तुम्ही एक इंच ठेवा. पुढचा भाग आणि मागचा भाग, डावी बाजू आणि उजवी बाजू, अशा चार कडा होतात. शिवणीला तीन सूत राखून प्रत्येक कडेचे पाच सूत सोडता येतात. चार पाचे वीस सूत, म्हणजे अडीच इंच घेर वाढतो. बहुतेक मापांमध्ये दोन साइझमधलं अंतर दोन इंचांचंच असतं. म्हणजे एक कुर्ता पुढचा साइझही होऊ शकतो. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर किंवा नुसतं वय वाढल्यावर कपाटात पडून राहणारे कितीतरी कपडे एवढ्यावर वाचतात. खालच्या घडीत दोन इंच ठेवा. बाही दुमडीत एक इंच जादा द्या.

मात्र एक खबरदारी घ्या. माया ठेवायची तर बाजूची शिवण आधी जोडून मग दोन्ही कडा एकत्र इंटरलॉक करू नका. कडा सुट्या इंटरलॉक करा, मग शिवण घाला आणि माया दोन बाजूंना इस्त्रीने फाकवा. तसं केलं नाही तर उसवणाऱ्याला दोनदा उसवावं लागतं आणि वैतागून तो नकोच म्हणतो. काखेच्या गोलाईत जाड माया बोचते. तिथे अर्धा इंच पुरे.

दुसरा मुद्दा चिंधीचा. आधुनिक बेतात टेबलावरचं १० ते १५ टक्के कापड कातरणात जातं आणि बेत आडवातिडवा असेल तर त्याहून जास्त. आपला जुना कुर्ता असा बेतला जात नव्हता. हातमागाचा पन्हा अरुंद असायचा. म्हणून अंगाला सरळ पट्टा, बाजूंना कळ्या (वर निमुळते, खाली रुंद तुकडे), काखेत चौकोनी तुकडा, असे सरळ रेषांचे भाग जोडून कपडा व्हायचा. दोन कळ्या उलटसुलट ठेवल्या की आयत होतो आणि मध्ये काहीच वाया जात नाही. काखेतल्या चौकोनामुळे हात वर केला तरी शिवण ताणत नाही, त्यामुळे तिथे फाटत नाही. हा बेत शिकून घ्या. तुमच्या गावात सत्तरीचे शिंपी असतील तर त्यांच्याकडे दोन दुपारी बसा. मी ज्यांच्याकडे बसले त्यांनी कागद न वापरता, नुसत्या खडूने आणि वितीने, अडीच मीटरमधून कुर्ता काढून उरलेल्या पट्टीतून खिसाही काढला होता.

तुम्हाला आधुनिक गोलाईचाच बेत करायचा असेल तर सगळ्या मापांचे कागदी भाग कापून एका पन्ह्यावर मांडून पाहा. मोठ्या मापाच्या गळ्यातून निघणाऱ्या तुकड्यात लहान मापाची पट्टी बसते. कळीशेजारी खिसा बसतो. मांडणीचा फोटो काढा, बदला, परत फोटो काढा. तासाभरात कापड वाचवता येतं आणि ती मांडणी पुढच्या प्रत्येक लॉटला कामी येते.

अस्तर, बकरम, लवचिक धागा, धातूचं बटण, झगमगती पट्टी यांतल्या प्रत्येक गोष्टीबद्दल विचारा, 'हे नसलं तर चालेल का?' सुती कापडात थोडंसं इलॅस्टेन (ताणला जाणारा कृत्रिम धागा) आलं तरी पुढे त्या चिंधीचं सूत करणाऱ्याला ती नकोशी होते. बटणं नारळाच्या कवटीची किंवा शिंपल्याची मिळतात आणि ती चांगली टिकतात. दोऱ्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. शुद्धतेसाठी सुती दोरा वापरावा असं सांगितलं जातं. पण काखेत, खिशाच्या तोंडाशी, बाजूच्या कापाच्या टोकाशी सुती दोरा लवकर तुटतो. मी तिथे पॉलिस्टर दोरा वापरते आणि लेबलवर तसं लिहिते. दोन ग्रॅम पॉलिस्टरने कुर्ता तीन वर्षं जास्त जगत असेल तर मला तो सौदा मान्य आहे.

कापड हाताशी आल्यावर

व्यापारी जे सांगेल ते ऐकून घ्या, पण तपासणी तुम्ही करा. त्याला यंत्रं लागत नाहीत. दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा अचूक कापून सोनाराच्या काट्यासारख्या लहान वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणा, तेच जीएसएम. ताणा-बाण्याचे दोन धागे उपसून काडीपेटीने जाळा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ करडी राख उरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि बोटाला टोचणारी कडक गोळी होते. रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. 'शंभर टक्के लिनन' म्हणून मला एकदा आलेल्या ताग्यातल्या आडव्या धाग्याची अशीच कडक गोळी झाली होती. तोवर मी वीस मीटर कापून बसले होते. आता धागा जाळल्याशिवाय मी कातर उचलत नाही.

आटण्याची चाचणी तर कधीच चुकवू नका. कापडावर ५० सेंटिमीटरचा चौकोन न जाणाऱ्या शाईने आखा, घरी धुता तसं तीनदा धुवा, वाळवा, परत मोजा. ४८ सेंटिमीटर भरलं तर ४ टक्के आटलं. हातमागाचं आणि मांजरपाटासारखं कोरं कापड याहूनही आटू शकतं. अशा वेळी सगळा तागा रात्रभर भिजवून, वाळवून मग बेता. पहिल्या धुण्यात तोकडा झालेला कुर्ता गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घालत नाही, मग तो कितीही सेंद्रिय असो.

रंगाचा पक्केपणा पाहायला ओलं पांढरं फडकं कापडावर दहा वेळा दाबून घासा. मोठा लॉट असेल तर प्रयोगशाळेतून करून घ्या. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन आहे, केंद्र सरकारच्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा आहेत. एका चाचणीचा खर्च परत आलेल्या दहा कुर्त्यांपेक्षा नक्की कमी असतो.

कापूस कुठला?

महाराष्ट्रातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. यवतमाळ, अकोला, अमरावती, वर्ध्याच्या काळ्या जमिनीत तो पावसावर वाढतो. 'एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी' हा आकडा तुम्ही शंभर ठिकाणी वाचला असेल. तो जगाच्या सरासरीतून काढलेला आहे आणि त्यात पावसाचं पाणीही धरलेलं आहे. विदर्भातल्या कोरडवाहू कापसाला तो जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे पाण्याइतकाच, कित्येकदा जास्त, प्रश्न फवारणीचा आहे. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभरातली बोंडं पोखरली होती. ज्या बोंडअळ्यांना आवरायला बीटी बियाणं २००२ मध्ये आलं, त्यांतलीच ही अळी त्याला दाद देईनाशी झाली होती. सेंद्रिय कापसाची मागणी करताना मनात ते शेतकरी असावेत. तलम स्पर्श वगैरे गोष्टी नंतरच्या.

आता कागदपत्रांचं. शेताचा सेंद्रिय दाखला एनपीओपी या केंद्र सरकारच्या सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली असतो. कापडाचा बहुधा 'गॉट्स' (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाईल स्टँडर्ड) या जागतिक मानकाखाली. त्यात किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू असेल तर 'सेंद्रिय', किमान ७० टक्के असेल तर 'सेंद्रिय तंतूंपासून बनवलेले' असं म्हणता येतं. व्यापाऱ्याने भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं तर ते त्याच्या कारखान्याचं आहे, तुमच्या ताग्याचं नाही. त्या मालाचा व्यवहार दाखला (ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट) मागा. ही काळजी का घ्यायची, तर २०२० मध्ये खुद्द गॉट्सनेच भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाचे बनावट दाखले पकडले होते. आणि गॉट्सचं चिन्ह तुमच्या कपड्यावर छापायचं तर तुमचं शिलाई केंद्रही प्रमाणित असावं लागतं. पाच-सहा मशिनांच्या कामाला तो खर्च झेपत नाही. मी चिन्ह लावत नाही. गिऱ्हाइकाने विचारलं तर दाखल्याची प्रत दाखवते.

हा सगळा व्याप नको असेल तर आणखी एक वाट आहे. वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेलं मगन संग्रहालय आहे. तिथे सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी होते. जाऊन पाहता येते, विणणाऱ्यांशी बोलता येतं. पण 'खादी' हा शब्द जपून वापरा. २०१३ च्या खादी मार्क नियमांनंतर गिरणीच्या किंवा यंत्रमागाच्या कापडाला खादी म्हणून विकता येत नाही.

रंग

पाणी सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. सुती कापडावर आज प्रामुख्याने रिऍक्टिव्ह रंग वापरतात. तो रंग धाग्याला चिकटावा म्हणून हौदात भरपूर मीठ घालावं लागतं. तरीही रंगाचा बराच भाग धाग्यावर न बसता पाण्याबरोबर वाहून जातो. रंग गाळून, गाळ बसवून काही प्रमाणात काढता येतो. विरघळलेलं मीठ तसं निघत नाही. त्याला आरओ आणि बाष्पीभवन यंत्रणा लागते आणि ती महाग असते. ही यंत्रणा नसली तर काय होतं ते तमिळनाडूतल्या तिरुपूरने पाहिलं. शेतीसाठी बांधलेल्या ओरथुपालयम धरणात नोय्यल नदीतून रंगाईचं पाणी साठलं आणि ते धरण शेतीलाच निरुपयोगी झालं. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाणी न आवरणारे तिथले रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. आपल्याकडे पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांच्या सांडपाण्याबरोबर कापड प्रक्रियेच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. आपण ज्या इचलकरंजीचं कापड अंगावर घालतो, तिथली माणसं त्या नदीच्या काठी राहतात.

तर रंगाई करणाऱ्याकडे जाताना चार गोष्टी विचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र आहे का आणि त्याची मुदत कधी संपते? पाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जातं की स्वतःच्या? गाळ कोण उचलतं? रंगाच्या डब्यावरचं नाव काय? उत्तर टाळलं तर निघून या. आणि शक्य असेल तर मागच्या बाजूचा नाला स्वतः पाहा. कर्करोगाच्या धोक्यामुळे भारतात बेन्झिडीन या रसायनावर आधारित रंगांवर १९९३ मध्ये आणि ऍझो गटातल्या ७० रंगांवर १९९७ मध्ये बंदी आली. तरीही 'ऍझो-फ्री' असं नुसतं तोंडी सांगितलं जातं. माझ्या एका रंगाई करणाऱ्याने तसंच सांगितलं होतं. मी कागद मागितला तेव्हा महिनाभर तो आलाच नाही. मी त्याच्याकडचं काम थांबवलं.

नैसर्गिक रंगांचा मोह प्रत्येक नव्या माणसाला होतो. मलाही झाला आणि अजून आहे. नीळ, मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल, कात यांचे रंग डोळ्यांना शांत वाटतात. पण नीळ सोडली तर त्यांतल्या बहुतेकांना धाग्यावर धरून ठेवायला तुरटीसारखं काही लागतं. तुरटी आणि लोखंड चालतं. रंग गडद व्हावा म्हणून तांब्याचे किंवा क्रोमचे क्षार वापरले तर नैसर्गिक म्हणण्यात अर्थ उरत नाही. शिवाय दोन लॉट सारखे येत नाहीत आणि काही पिवळे उन्हात लवकर उतरतात. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी तीसेक नगांपुरतेच नैसर्गिक रंग घ्या आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा. बाकी कपडे बिनरंगी, कोऱ्या सुताच्या रंगाचे ठेवून पाहा. लोक ते आवडीने घेतात आणि नदीत त्यातून काहीच रंग जात नाही.

शिवणारे हात

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. कपड्याच्या टिकाऊपणाबद्दल बोलताना शिवणाऱ्यांना बाहेर ठेवलं तर ते बोलणं अपुरं आहे. तुमचं केंद्र चार मशिनांचं असलं तरी बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा, वायरिंग नीट करा, टेबलावर पुरेसा उजेड द्या. नगावर मजुरी देत असाल तर एक दिवस घड्याळ लावून बसा. मध्यम वेगाच्या बाईला आठ तासांत किती नग होतात ते मोजा. त्याची मजुरी किमान वेतनाच्या खाली येत असेल तर दर वाढवा. घाईत घातलेला टाका मोठा पडतो आणि धुण्यात उसवतो. मी इंचाला दहा ते बारा टाके मागते आणि त्याचा वेळ दरात धरते.

किती शिवायचे, कसे पाठवायचे

पहिला लॉट तीस नगांचा. संपला तर परत करा. मोठा लॉट स्वस्त पडतो असं वाटतं, पण न खपलेला कुर्ता हा सगळ्यात महाग कुर्ता असतो. युरोपात मोठ्या कंपन्यांना न खपलेले कपडे नष्ट करायला कायद्यानेच मनाई होते आहे. आपण मुळात ते उरवूच नयेत. निर्यातदारांकडचं शिल्लक कापड घेणंही चांगलं. फक्त ते कुठे रंगवलं होतं याची खात्री देता येत नाही, हे वहीत लिहा.

पार्सलच्या प्लास्टिकबद्दल फार अपराधी वाटून घेऊ नका. कोकणात जुलैमध्ये कागदी पाकिटातून गेलेल्या कुर्त्याला बुरशी धरते आणि तो परत येतो. पावसाळ्यात एक पिशवी वापरा, बाकी आठ महिने कातरणाच्या शिवलेल्या पिशवीत पाठवा. त्यापेक्षा मापाचा तक्ता नीट द्या. छाती, खांदा, उंची ही मापं शरीराची आहेत की कपड्याची, ते स्पष्ट लिहा. परत येणारी पार्सलं निम्म्याने कमी झाली तर इंधन तिथे वाचतं.

लेबलवर काय लिहायचं

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'शाश्वत' असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. छोट्या व्यवसायालाही हे लागू आहे. मला हे ओझं वाटत नाही. वही असली की लिहायला भरपूर असतं. माझं लेबल असं असतं: 'कापड १०० टक्के सुती, यंत्रमाग. रंग रिऍक्टिव्ह. दोरा पॉलिस्टर. बाजूला एक इंच माया, खाली दोन इंच. बटण कवटीचं, एक जादा आत टाचलं आहे.' शेवटच्या दोन ओळी वाचून लोक फोन करतात आणि विचारतात, "माया म्हणजे काय?" तरुण मुलींना हा शब्द माहीत नसतो. मग मी सांगते.

गिऱ्हाइकाच्या घरी

परदेशी अभ्यासांत कपड्याच्या एकूण ऊर्जेचा मोठा हिस्सा धुण्यात आणि वाळवण्यात दिसतो, कारण तिकडे गरम पाणी आणि ड्रायर आहे. आपण थंड पाण्यात धुतो आणि दोरीवर वाळत घालतो. इथला त्रास वेगळा आहे. दगडावर आपटणं, ब्रश घासणं, दुपारच्या उन्हात सुलट बाजूने वाळवणं यांनी कापड मरतं. कपड्यासोबत तीन ओळींची चिठ्ठी द्या: उलटा करून धुवा, सावलीत वाळवा, किंचित ओला असताना इस्त्री करा. अमेरिकेत-युरोपात राहणारं मराठी गिऱ्हाईक असेल तर त्यांना सांगा की ड्रायरच्या जाळीत जो कापूस जमतो, तो तुमच्या कुर्त्याचाच आहे.

दुरुस्तीसाठी कपड्याचा एक वीतभर तुकडा आणि बटण सोबत द्या. आणि स्वतः दुरुस्ती सुरू करा. माझ्याकडे महिन्याचा पहिला शनिवार त्यासाठी राखलेला असतो. उसवलेलं शिवणं, माया सोडणं, रफू, कोपराला ठिगळ, असं सगळं. पहिल्या वर्षात आलेल्या कपड्यांवरून मला कळलं की माझे खिसे कोपऱ्यात फाटतात. आता तिथे आतून त्रिकोणी तुकडा लावते. ते खिसे आता दुरुस्तीला येत नाहीत.

जुनेर झाल्यावर

आपल्याकडे कपडा कधी एकदम टाकला जात नसे. लुगड्याचं जुनेर व्हायचं, जुनेराची बाळुती आणि दुपटी, मग गोधडीचा थर, मग फडकं, शेवटी पोतेरं. भांड्यांच्या बदल्यात कपडे नेणाऱ्या बोहारणी दारावर यायच्या. अजूनही काही भागांत येतात. वाघरी समाजातल्या बाया पिढ्यान् पिढ्या हे काम करतात. कपडे निवडणं, धुणं, दुरुस्त करणं, परत बाजारात नेणं हा त्यांचा कसब आहे आणि तो फार कमी लोकांनी मोलाचा मानला. घरातले बरे कपडे त्यांना द्या आणि घासाघीस करू नका. गूंजसारख्या संस्थाही कपडे घेतात. धुऊन, घडी करून द्यावेत, फाटके अंतर्वस्त्र वगैरे गाठोड्यात कोंबू नयेत.

तुमच्या केंद्रातली चिंधी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. पांढरी सुती एका पोत्यात, रंगीत सुती दुसऱ्यात, मिश्र तिसऱ्यात. पांढऱ्या सुती चिंधीला चांगला भाव येतो, कारण तिचं परत सूत होतं. हरियाणातल्या पानिपतला जुने कपडे आणि चिंध्या पिंजून सूत आणि घोंगड्या करणारा मोठा उद्योग आहे. मिश्र पोत्याला मात्र फारसं कुणी विचारत नाही. ते पोतं दर महिन्याला वजन करून वहीत लिहा. ते जितकं हलकं, तितका बेत सुधारला.

मोठे तुकडे विकू नका, गोधडीला ठेवा. आमच्याकडे दोन आजी येतात. वरखाली नवे तुकडे, आत परत आलेल्या कुर्त्यांचे तीन थर, आणि कडेने सुरू करून मध्याकडे येणारा धावदोरा. एक मोठी गोधडी दोघींना पंधरा ते वीस दिवस घेते. मजुरी दिवसावर द्या, नगावर देऊ नका, नाहीतर टाके विरळ पडतात. आणि थर लावण्याआधी प्रत्येक जुना कुर्ता उसवताना बाजूची माया नीट कापून वेगळी ठेवा. ती पट्टी आतल्या अंगाला राहिलेली असते, तिला ऊन लागलेलं नसतं. गोधडीच्या कडेला लावायला तिच्याइतकी धडधाकट आणि गडद रंगाची पट्टी दुसरी मिळत नाही.